जुन्या कोचातल्या चुका



समीक्षा म्हटलं की कविता, कादंबरी, फार तर नाटक, असा आपला रिवाज आहे. तेव्हा आजचा विषय 'जुना कोच' असा जाहीर झाल्यावर काहींनी नाकं मुरडली असतील, तर आम्ही समजू शकतो. पण ज्या वस्तूवर माणूस आयुष्यातले इतके तास काढतो, तिच्याबद्दल 'छान आहे', 'भारी आहे' यापलीकडे बोलायला आपल्याकडे काही नसावं, ही काही बरी गोष्ट नाही. वाडे पाडले जातात, त्यांतलं सागवानी फर्निचर बाहेर येतं, आणि हौशी लोक ते नव्याने मढवून घरात मांडतात. हौस चांगलीच आहे. आमचं भांडण तिच्या पद्धतीशी आहे. आपण लाकूड जपतो आणि बैठक फेकून देतो.

बैठक म्हणजे काय, ते आधी पाहू. आपल्या भाषेत अधिकाराला जुना शब्द 'गादी'. छत्रपतींची गादी, मठाची गादी, पेढीवरची गादी. 'खुर्ची' हा शब्द अरबी 'कुर्सी'वरून आला आणि अधिकाराच्या अर्थाने तो फार उशिरा रुळला. जालन्याच्या मोंढ्यात आडत दुकानात गेलात तर पांढऱ्या खोळीची गादी, पाठीला लोड, कुशीला तक्क्या ही बैठक तुम्हाला अजून भेटेल. कोच आणि आरामखुर्ची या भागात रुजवणाऱ्या दोन वाटा स्पष्ट दिसतात. एक छावणीची. एकोणिसाव्या शतकात जालन्यात हैदराबाद कंटिंजंटचं लष्करी ठाणं होतं. ही फौज १९०३ साली ब्रिटिशांच्या हिंदी सैन्यात सामावली गेली. दुसरी वाट रेल्वेची. १९०० च्या सुमारास मनमाड-सिकंदराबाद मार्ग जालन्यावरून सुरू झाला, आणि वेटिंग रूममधली लांब हातांची, वेताची आरामखुर्ची सर्वांच्या नजरेत भरली.

या वस्तूंबद्दल हळवं होताना एक गोष्ट विसरू नये. कचेरीत खुर्चीवर कोण बसणार, सतरंजीवर कोण आणि दाराशी उभं कोण राहणार, हे ठरलेलं असे. आज आपण जो कोच 'आजोबांच्या काळचा' म्हणून आणतो, त्यावर त्या काळी गावातल्या बहुतेकांना बसता आलं नसतं. म्हणून कोच आणू नये असं नाही. पण आणताना हेही माहीत असावं.

आता निवडीकडे येऊ. आपल्याकडे 'अँटिक' हा शब्द फारच स्वस्त झाला आहे. १९७२ च्या पुरावशेष कायद्यात वस्तू सर्वसाधारणपणे किमान १०० वर्षांची असावी लागते. हस्तलिखितांसारख्या कागदपत्रांना ही अट ७५ वर्षांची आहे. बाजारात मात्र काळपट पॉलिश आणि वळणदार पाय एवढ्यावर काम भागतं. आमचं सांगणं असं की कोच समोरून पाहूच नका. उलटा करा आणि खालून वाचा.

खालून काय दिसतं? बारीक खिळ्याला आपले सुतार 'चूक' म्हणतात. दर वेळी कोच मढवला की चौकटीवर चुकांची नवी रांग पडते आणि जुनीची भोकं उरतात. भोकं मोजली की वस्तू कितीदा उघडली गेली याचा अंदाज येतो. मढवलेल्या जुन्या कोचाला चुकांचं एकही जुनं भोक नसेल, तर एक तर लाकूड बदललेलं आहे किंवा गोष्ट रचलेली आहे. बैठकीच्या कडेने सारख्या अंतरावर आरपार भोकांची ओळ असेल, तर ती वस्तू मुळात वेताने विणलेली होती. आत फोम निघाला, तर 'शंभर वर्षं जसाच्या तसा' हे वाक्य तिथेच संपलं. पॉलियुरेथेनचा शोधच १९३७ चा आणि त्याचा फोम सोफ्यात आला तो त्यानंतर कितीतरी वर्षांनी. कोपरे हलवून पाहा. सांधा किंचित हलत असेल तर सुतार तो बसवून देतो. मात्र भोकातून ताजं पीठ गळत असेल, तर कीड जिवंत आहे. अशी वस्तू उपचार केल्याशिवाय घरात घेऊ नका.

आणि कोरीवकामाला फार भुलू नका. व्हिएन्नाच्या थोनेटची १८५९ सालची वाकवलेल्या लाकडाची खुर्ची ६ तुकडे, १० स्क्रू आणि २ नट एवढ्यात उभी राहत असे. स्वस्तात, ढिगाने विकायची वस्तू होती ती. त्याच घराण्यातल्या खुर्च्या मुंबई-पुण्याच्या इराणी हॉटेलांनी वर्षानुवर्षं वापरल्या. नक्षी नावालाही नाही, पण बसायला उत्तम.

आता आमचीच चूक सांगतो. एका पडक्या वाड्यातून आम्ही कोच आणला. सागवानी, पाठीला साधी पट्टी. शहरात नेऊन दाखवला. कारागिराने आतलं सगळं उपसलं, खाली प्लायवूड ठोकलं, वर जाड फोम आणि त्यावर मखमल. दिसायला राजेशाही! (हशा) घरी आल्यावर कळलं की बैठक होती १७ इंचांवर, ती गेली २१ इंचांवर. हात खाली राहिले, कोपर टेकायला जागा उरली नाही, आणि आमच्या आईचे पाय जमिनीला टेकेनात. फोटोत ही चूक दिसत नाही, बसल्यावरच कळते. म्हणून आम्ही म्हणतो, आसनाची समीक्षा बसून करावी.

मग कोच पुन्हा उघडला. या वेळी जालन्यातल्याच एका गादीवाल्याकडे गेलो. घरात पिढ्यान्‌पिढ्या पिंजाऱ्याचं काम. आता धनुकली भिंतीला टांगलेली आहे, कापूस यंत्रावर पिंजतात. त्याने पहिला प्रश्न विचारला, "आधी काय होतं ह्यात?" एवढा साधा प्रश्न आम्हाला कुणी विचारलाच नव्हता. चौकटीच्या कपारीत अडकलेला काथ्या आणि कापसाचा कळकट पुंजका त्याने नखाने काढून दाखवला. मग त्याने नवारीची ताणून वीण केली, तिच्यावर गोणपाट, गोणपाटावर सुतळीने टाचलेला काथ्या, वर पिंजलेल्या कापसाचा थर आणि शेवटी खोळ. प्लायवूड गेलं आणि उंची परत १७ वर आली.

कापूस म्हणजे सर्व रोगांवर औषध, असं मात्र नव्हे. तो दबतो. अधूनमधून उकलून पुन्हा पिंजून भरावा लागतो. फोमला तेवढी उस्तवार नको. पण फोमही पिवळा पडतो, भुगा होतो आणि मग थेट उकिरड्यावर जातो. दबलेला कापूस पुन्हा फुलतो. नव्या सोफ्यात फोम घाला, आमची हरकत नाही. जुनी चौकट मात्र ज्या भरणीसाठी मापली होती, तीच भरण मागते.

कापडाचंही तसंच. कोच जुना म्हणून त्यावर हिमरू घालायचा मोह होतो. संभाजीनगरचं हे कापड देखणं खरंच, पण मुळात ते शालीचं, शेरवानीचं. रोजच्या घासण्यात ते टिकणार नाही. त्याची उशी करा, पाठीला लावा. बैठकीला जाड दुसुती किंवा घट्ट विणीची खादी बरी. खोळ काढून धुता यावी. दर मढवणीला नव्या चुका ठोकून लाकडाची चाळण करू नये.

आता मूळ मुद्दा. जालना हा कापसाचा जिल्हा. शेतात कापूस, जिनिंगमध्ये कापूस, आणि दिवाणखान्यात आपण बसतो रसायनाच्या स्पंजावर. वरून त्याला म्हणतो 'वारसा जपला'. लाकूड शंभर वर्षं आपोआप टिकतं, त्यात आपलं कर्तृत्व फारसं नाही. टिकवावं लागतं ते पिंजण्याचं, टाचण्याचं, वेत विणण्याचं कसब. ते हातात असतं, आणि काम मिळालं नाही तर एका पिढीत जातं. लाकडाला हजारो रुपये मोजणारा माणूस भरणीच्या मजुरीवर घासाघीस करतो, तेव्हा तो नेमकी वारशावरच कात्री चालवत असतो.

आमचा कोच तयार झाला तेव्हा गादीवाला स्वतः घरी घेऊन आला. आम्ही म्हटलं, आधी तुम्ही बसा. तो नको नको म्हणाला. एवढे कोच भरले, पण गिऱ्हाइकाच्या घरात त्यावर बसायचा प्रसंग कधी आला नव्हता. शेवटी बसला. अंग सैल सोडलं, थोडा इकडे सरकला, थोडा तिकडे. म्हणाला, "डावीकडं जरा कमी पडलाय." उठला, खोळ उसवली आणि मूठभर कापूस आणखी भरला.

आमच्या कोचाची खरी समीक्षा ती. तुमचे प्रश्न असतील तर आता घेऊ.