शशी गोडबोलेची कॉफी

गौरी शिंदे यांचा 'इंग्लिश विंग्लिश' २०१२ साली आला. त्याच्यावरची बरीचशी चर्चा श्रीदेवीच्या पुनरागमनावर आणि गृहिणीच्या स्वाभिमानावर झाली. दोन्ही विषय रास्त होते. परंतु हा चित्रपट प्रौढांच्या एका इंग्रजी वर्गाचाही आहे. प्रौढ माणूस परकी भाषा कशी शिकतो, कुठे अडतो, कशामुळे पुढे सरकतो, याची इतकी बारीक नोंद आपल्याकडच्या लोकप्रिय सिनेमात क्वचितच सापडेल. इंग्रजी शिकवायला आज खिशातल्या फोनमध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेचा शिक्षक येऊन बसला आहे, म्हणून हा चित्रपट पुन्हा वाचावासा वाटतो. 'वाचावासा' हा शब्द जाणून वापरतो आहे.

त्यातला सर्वांना आठवणारा प्रसंग कॉफीच्या दुकानातला. पुण्याची शशी गोडबोले भाचीच्या लग्नासाठी न्यूयॉर्कला आली आहे आणि काउंटरसमोर उभी आहे. काउंटरमागची बाई घाईत आहे. कोणती कॉफी, केवढी, सोबत काय, असे पर्यायांमागून पर्याय ती फेकत जाते. शशी गोंधळते, मागची रांग चुळबुळते, बाईचा आवाज चढतो आणि शशी तिथून रडत बाहेर पडते. यात बिघडले काय होते? शशीचे इंग्रजी, हे पहिले उत्तर. चित्रपटाची गोष्टही तेच उत्तर धरून पुढे जाते, कारण शशी चार आठवड्यांत इंग्रजी शिकवणाऱ्या वर्गात नाव घालते. दुसरे उत्तर असे, की काउंटर बिघडला होता. शशीच्या डोळ्यांपुढे चित्रांची एक पाटी असती, किंवा ती बाई थोडे सावकाश बोलली असती, तर शशीला आहे त्या इंग्रजीत कॉफी मिळाली असती.

हे दुसरे उत्तर वास्तुशास्त्रातून आले. रॉन मेस हे अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनाचे वास्तुविशारद. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे ते चाकाच्या खुर्चीत असत. १९८०च्या दशकात त्यांनी सार्वत्रिक रचनेची कल्पना मांडली. इमारत आधी बांधायची आणि मग अपंगांसाठी मागच्या दाराला एक उतार जोडायचा, हे त्यांना मान्य नव्हते. मुळातच सर्वांना वापरता येईल असे बांधा, असा त्यांचा आग्रह होता. पदपथाच्या कडेला केलेला उतार खुर्चीतल्या माणसासाठी असतो, पण त्यावरून बाबागाडी ढकलणारी आई जाते आणि सामानाची ढकलगाडी ओढणारा हमालही जातो. मॅसॅच्युसेट्समध्ये १९८४ साली स्थापन झालेल्या 'कास्ट' या संस्थेने हाच विचार शिक्षणात आणला. शिकण्यात मन गुंतण्याच्या वाटा अनेक हव्यात, आशय समोर येण्याच्या वाटा अनेक हव्यात आणि आपल्याला काय आले ते दाखवण्याच्या वाटाही अनेक हव्यात, अशी तिची तीन सूत्रे आहेत. विद्यार्थ्यात उणीव शोधण्याआधी अभ्यासक्रमात अडथळा कुठे आहे ते पाहा, असा त्यांचा रोख आहे.

प्रौढांच्या भाषावर्गाला हे जितके लागू पडते तितके शाळेलाही क्वचितच पडत असेल. चाळिशी उलटलेल्या बाईला बारीक टाइप दिसत नाही. पाळीवर जाणाऱ्या माणसाचा आठवड्यातला एक वर्ग तरी बुडतोच. लहानपणी ज्याला 'ढ' म्हणून शाळेतून काढले त्याला वाचनअक्षमता होती, हे कोणी कधी तपासलेलेच नसते. आणि शरम तर सर्वांनाच असते. मूल चुकले तर त्याचे कौतुक होते. प्रौढ चुकला की त्याची किंमत कमी होते. शशीने 'जॅझ' नाचाचा उच्चार चुकीचा केला तेव्हा हसली ती तिची स्वतःची मुलगी.

या नजरेने पाहिले तर चित्रपटातला वर्ग मजेदार दिसतो. टॅक्सी चालवणारा पाकिस्तानी, मुले सांभाळणारी मेक्सिकन बाई, तमिळ अभियंता, फ्रेंच आचारी असे सगळे एका खोलीत येतात. शिक्षक डेव्हिडकडे कसली साधने नाहीत. पण शशी घरी लाडू करून विकते हे कळल्यावर तो तिला त्यासाठीचा इंग्रजी शब्द देतो, उद्योजिका या अर्थाचा. तो अवघड शब्द जिभेवर घोळवत ती रस्त्याने जाते. ही शब्दसंग्रहाची वाढ खरीच, परंतु तो शब्द तिला इतरांच्या देखत मिळाला, हे अधिक मोठे. घरात जो उद्योग थट्टेचा होता, त्याला चार परक्या माणसांसमोर नाव मिळाले. पुढे डेव्हिडच्या मोडलेल्या प्रेमावरून वर्ग त्याची टवाळी करतो तेव्हा शशीच त्याची बाजू घेते. शिकवणाऱ्यालाही दुखते, हे त्या वर्गाला माहीत आहे.

परीक्षेचा भाग तर कास्टच्या तिसऱ्या सूत्राचे जणू उदाहरणच. शेवटच्या दिवशी प्रत्येकाने पाच मिनिटे बोलायचे असते. लाडू पुन्हा करावे लागल्यामुळे शशीची परीक्षा हुकते. मग लग्नाच्या मेजवानीत, नवरा तिच्या इंग्रजीबद्दल आधीच सफाई देऊ लागलेला असताना, ती उठते आणि अडखळत, शब्द शोधत बोलते. डेव्हिड ते भाषण परीक्षा म्हणून धरतो आणि तिला विशेष प्रावीण्याने उत्तीर्ण करतो. समीक्षकाला हा शेवट गोडगोड वाटू शकतो, मलाही थोडा वाटतो. शिक्षणशास्त्राच्या बाजूने मात्र तो चोख आहे. भाषा आली की नाही हे पाहायचे, तर ती ज्या प्रसंगासाठी शिकली गेली त्या प्रसंगातच पाहावी.

आता यंत्राकडे येऊ. मार्च २०२३मध्ये डुओलिंगो या भाषा शिकवणाऱ्या ॲपने जीपीटी-४च्या आधारावर संवादाचा सराव देणारी सोय आणली. तिच्या परिचयात जे प्रसंग दिले होते त्यांत एक होता पॅरिसच्या कॅफेत कॉफी मागवण्याचा. म्हणजे शशीचाच काउंटर. फरक एवढाच, की या काउंटरमागचा आवाज कधी चढत नाही, मागे रांग नसते आणि दहा वेळा चुकले तरी अकराव्यांदा तोच प्रश्न त्याच सौजन्याने येतो. आणखी एक फरक आहे. ही सोय पहिल्यांदा मिळाली ती इंग्रजी जाणणाऱ्यांना, फ्रेंच आणि स्पॅनिश शिकण्यासाठी. सभ्य काउंटरवर पहिला नंबर त्यांचा लागला.

तरीही या न हसणाऱ्या शिक्षकाला कमी लेखू नये. ज्या बाईला वर्गात तोंड उघडायचे धैर्य होत नाही, तिला रात्री सर्व निजल्यावर स्वयंपाकघरात बसून बोलता येते, ही लहान गोष्ट नव्हे. शशी रात्री इंग्रजी चित्रपट पाहून अभ्यास करते. अशा प्रेक्षकाला पडद्याखालच्या ओळींचा मोठा आधार असतो. त्या ओळी मुळात बहिऱ्यांसाठी आल्या. अमेरिकेत १९९०च्या कायद्याने दूरचित्रवाणी संचांत त्यांची सोय सक्तीची केली आणि भाषा शिकणाऱ्यांनी ती आपलीशी केली. आपल्याकडे ब्रिज कोठारी यांनी हीच युक्ती साक्षरतेकडे वळवली आणि 'चित्रहार'मधल्या हिंदी गाण्यांखाली हिंदीच ओळी आल्या. बोललेल्या शब्दाची ओळ तत्काळ दाखवणे, लिहिलेले वाचून दाखवणे, अवघड परिच्छेद सोपा करणे, अडले तिथे मायबोलीत समजावणे, ही कामे आज यंत्र एका फोनवर करते. ती पदपथाच्या उतारासारखीच आहेत.

मायबोलीतल्या समजावण्याबद्दल थोडे अधिक. मराठी माणसाला 'जॅझ'मधला शेवटचा ध्वनी अवघड जातो असे आपण धरून चालतो. पण 'जन्म'मधला ज आणि 'जाड'मधला ज वेगळे आहेत, हे मराठी जिभेला ठाऊकच आहे. लिपी एक असल्याने ते लक्षात येत नाही, इतकेच. दुसऱ्या ज-पासून इंग्रजी ध्वनीपर्यंतचे अंतर थोडे आहे. मराठी जाणणारा शिक्षक हे एका वाक्यात सांगेल. यंत्रालाही सांगता येईल, मात्र त्याला तसे विचारावे लागते. आपणहून ते बहुधा जगातल्या कोणालाही चालेल असा सरासरी विद्यार्थी समोर धरते. सरासरी माणूस गृहीत धरू नका, ही तर सार्वत्रिक रचनेची पहिली पायरी.

अडचण याहून खोल आहे. यंत्र शिकणाऱ्याचे ऐकते म्हणतात, पण कोणाचे किती ऐकते? २०२० साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात एक अभ्यास आला. अमेझॉन, ॲपल, गूगल, आयबीएम आणि मायक्रोसॉफ्ट यांच्या उच्चार ओळखणाऱ्या प्रणाली त्यात तपासल्या होत्या. गोऱ्या अमेरिकनांच्या बोलण्यात सरासरी शंभरातले १९ शब्द चुकत होते आणि कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या बोलण्यात ३५. ज्यांची मातृभाषाच इंग्रजी त्यांची ही गत, तर शशीचे काय? तेव्हापासून या प्रणाली सुधारल्या आहेत. पण उच्चाराला गुण देणारे ॲप जेव्हा लाल खूण दाखवते तेव्हा चूक जिभेची की कानाची, हे शिकणाऱ्याला कळायला मार्ग नसतो. काउंटरमागच्या बाईचा चढलेला आवाज निदान ओळखता तरी येत होता. यंत्राचा निर्णय शास्त्राच्या सोज्ज्वळ चेहऱ्याने येतो आणि माणूस दोष स्वतःकडे घेतो.

लेखनाचीही तीच कथा. २०२३ साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी, मजकूर यंत्राने लिहिला का हे ओळखणारी सात साधने तपासली. इंग्रजी परकी असलेल्यांनी टोफेल परीक्षेसाठी स्वतः लिहिलेल्या ९१ निबंधांपैकी सरासरी निम्म्याहून अधिक निबंध त्यांनी यंत्राचे ठरवले. कारण साधे होते. मोजके शब्द, सरळ वाक्ये, अपेक्षित वळणे. म्हणजे प्रौढांच्या वर्गात जे लेखन आपण मुद्दाम शिकवतो तेच संशयास्पद ठरले.

सोपे करून देण्यातही धोका आहे. घरमालकाचे पत्र यंत्राने सोप्या इंग्रजीत आणले, की वाचणाऱ्याला हायसे वाटते. पण करारातला जीव बहुधा 'खेरीज', 'तोपर्यंत', 'अन्यथा' अशा शब्दांत असतो आणि सोपेपणाच्या ओघात नेमके तेच गळू शकतात. मूळ वाचता येत नाही म्हणूनच सोपे मागितले, मग गळलेले तपासायचे कोणी? म्हणून मूळ आणि सोपे शेजारी-शेजारी असावेत आणि वर्गात दोन्हींची तुलना व्हावी. तुलना करणे हाच धडा. एवढे केले तर हे साधन उत्तम आहे.

हे सारे सुधारता येण्यासारखे आहे. काउंटरचे काय, हा प्रश्न मात्र तंत्रज्ञांच्या हातातला नाही. अमेरिकेत ऑगस्ट २००० मध्ये अध्यक्ष क्लिंटन यांच्या आदेशाने सरकारी खाती आणि सरकारी निधी घेणाऱ्या संस्था यांच्यावर एक जबाबदारी आली. ज्यांना इंग्रजी पुरेसे येत नाही त्यांनाही सेवेचा अर्थपूर्ण लाभ मिळाला पाहिजे, अशी ती जबाबदारी. म्हणजे काउंटरने थोडे वाकायचे. १ मार्च २०२५ रोजी अध्यक्ष ट्रम्प यांनी इंग्रजीला देशाची अधिकृत भाषा ठरवणारा आदेश काढला आणि त्यातच क्लिंटन यांचा आदेश मागे घेतला. या दोन तारखांच्या मध्ये फोनमधला शिक्षक आला. दोन गोष्टींत कारणसंबंध आहे असे मी म्हणत नाही. परंतु त्या शेजारी ठेवल्या की दिसते ते असे: जबाबदारी काउंटरकडून सरकत शिकणाऱ्याकडे आली आहे, आणि ती पेलण्यासाठी त्याला एक ॲप दाखवले जात आहे. 'सुगम्य' हा शब्द या ॲपच्या जाहिरातीत वापरला गेला, तर रॉन मेस यांनी तो ओळखला नसता.

आपल्याला हे परके वाटू नये. १८५४च्या 'काव्यफुले'त सावित्रीबाईंनी इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरला आणि लगेचच फुले दांपत्याने कष्टकऱ्यांसाठी रात्रशाळा काढली. दिवसा राबणारा माणूस दिवसा शिकू शकत नाही, तर शाळेने रात्री उघडावे. वेळ वाकली, माणूस नाही. त्या मानाने आपल्याकडच्या 'तीस दिवसांत फाडफाड इंग्रजी'च्या पाट्यांनी सगळा भार शिकणाऱ्याच्या जिभेवर टाकला. आज मुलाकडे किंवा मुलीकडे परदेशी जाणारी मराठी आई विमानतळावरची उत्तरे फोनवर घोकते, तेव्हा तिच्या हातात या दोन्ही परंपरा असतात. तिला कुठली उपयोगी पडेल हे ॲपवर थोडे आणि पलीकडच्या खिडकीवर पुष्कळ अवलंबून आहे.

चित्रपटातले विमानप्रवास दोन आहेत. जाताना शेजारी अमिताभ बच्चन असतात आणि पडद्यावरचा इंग्रजी सिनेमा तिला हिंदीत सांगत राहतात. साधन म्हणून पाहिले तर हा दुभाषी आजच्या कुठल्याही ॲपपेक्षा सरस, शिवाय आवाज तो. परतताना शशी हवाई सेविकेला स्वच्छ इंग्रजीत विचारते, हिंदी वर्तमानपत्र आहे का. गोडबोल्यांच्या सुनेने मराठी का मागू नये, अशी एक कुरकुर माझ्या मनात दर वेळी उमटते. पण शिकलेले इंग्रजी ती जिथे वापरते ती जागा पाहण्याजोगी आहे. या वेळी खिडकीकडे मागणी तिची आहे, तीही स्वतःच्या भाषेची.