निरागस आणि निरपराध : ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’चे एक वाचन

हार्पर ली यांच्या ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ (१९६०) या कादंबरीचे विवेचन बहुधा एका गृहीतावर उभे असते. बालकाची दृष्टी निर्मळ असते, वर्णद्वेष ही प्रौढ समाजाची विकृती असते आणि बालकाच्या नजरेतून पाहिल्यामुळे ती अधिक उघडी पडते, असे हे गृहीत आहे. १९६१ चे पुलित्झर पारितोषिक, १९६२ चा चित्रपट आणि अमेरिकी शाळांच्या अभ्यासक्रमांतील स्थान यांमुळे ते दृढ झाले. कादंबरीची संहिता मात्र त्याला पूर्णपणे दुजोरा देत नाही. तिचे मोल आणि तिची मर्यादा ही दोन्ही या विसंगतीत शोधावी लागतात, असे येथे मांडायचे आहे.

प्रारंभी शब्दाचा विचार करू. इंग्रजीतील ‘इनोसन्स’ या एका शब्दात अजाणपण आणि अपराध केलेला नसणे हे दोन्ही अर्थ एकवटले आहेत. मराठीत आपण लहान मुलाला निरागस म्हणतो, तर न्यायालयातील आरोपीला निर्दोष किंवा निरपराध. वस्तुतः ‘आगस्’ म्हणजे अपराध. त्यामुळे ‘निरागस’ शब्दाचा व्युत्पत्त्यर्थही निरपराध असाच होतो. परंतु प्रचलित भाषेत हे दोन शब्द वेगळे झाले आहेत. या कादंबरीच्या आकलनासाठी हा भेद उपयुक्त ठरतो. कारण तिच्यात स्काउट निरागस आहे, टॉम रॉबिन्सन निरपराध आहे आणि या दोन गोष्टी एकच असल्याचा भास निर्माण केला गेला आहे.

कथानक अलाबामा राज्यातील मेकोम या काल्पनिक गावात, १९३३ ते १९३५ या काळात घडते. आरंभी स्काउट जेमतेम सहा वर्षांची आहे. निवेदन मात्र प्रौढ झालेल्या जीन लुईझचे आहे. तिला आज जे कळते आणि त्या वेळच्या मुलीला जे कळत नव्हते, त्यांतील अंतर हेच या निवेदनतंत्राचे मर्म आहे. तुरुंगाच्या दाराशी घडणारा प्रसंग या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. टॉमला ठार मारण्यासाठी आलेल्या जमावात स्काउटला मिस्टर कनिंगहॅम दिसतात. ती त्यांना त्यांच्या जमिनीच्या दाव्याविषयी विचारते, त्यांचा मुलगा वॉल्टर आपल्या वर्गात असल्याची आठवण देते आणि जमाव ओशाळून परततो. हा निरागसतेचा विजय मानला जातो. परंतु येथे नेमके कशाने काम केले? वडिलांचा अशील आणि मुलीचा वर्गमित्र या नात्यांनी. ही नाती गोऱ्यांची आपापसांतली आहेत. टॉमच्या मुलांपैकी कोणी त्या रात्री तेथे आले असते, तर त्याच्यापाशी जमावाला घालण्यासाठी अशी कोणती ओळख होती? स्काउटच्या निरागसतेचे बळ तिच्या वर्णाकडून उसने आलेले आहे.

न्यायालयातील प्रसंग याहून सूचक आहे. सरकारी वकील गिल्मर टॉमशी ज्या तुच्छतेने बोलतात, ती असह्य होऊन डिलला रडू कोसळते. त्याला बाहेर घेऊन आलेली स्काउट त्याची समजूत घालताना सहजपणे सांगते, की अखेर तो माणूस कृष्णवर्णीयच तर आहे. तिच्या या उक्तीत द्वेष नाही. म्हणूनच ती भयावह आहे. पूर्वग्रह येथे भावनेच्या रूपात येत नाही, तर मातृभाषेसारखा, न शिकवता आलेला दिसतो. त्यानंतर भेटणारे डॉल्फस रेमंड मुलांना सांगतात, की वय वाढेल तसे डिलचे रडू थांबेल. ‘आधी निर्मळता, मग विकृती’ हाच क्रम त्यांच्या बोलण्यात आहे. परंतु स्काउटने आपल्या एका वाक्याने तो आधीच मोडीत काढला आहे. अजाणपण आणि पूर्वग्रह तिच्यात सुखाने एकत्र नांदतात. प्रौढ निवेदिका त्या वाक्यावर भाष्य करीत नाही, हे लेखिकेच्या कलात्मक संयमाचे गमक होय.

या अजाणपणाला भौतिक आधारही आहे. कॅल्पर्नियाने स्काउटला लहानाची मोठी केली. तरीही तिच्याबरोबर कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये जाईपर्यंत तिला स्वतःचे वेगळे आयुष्य आणि वेगळी बोली आहे, हे स्काउटला उमगत नाही. कॅल्पर्नियाचा मुलगा झीबो आपल्याला भेटतो तो गावाचा कचरा वाहणारा प्रौढ म्हणून. त्याच्या बालपणाला कादंबरीत जागा नाही.

हे रिकामे राहिलेले बालपण मिल्ड्रेड टेलर यांच्या ‘रोल ऑफ थंडर, हिअर माय क्राय’ (१९७६) या कादंबरीत आढळते. तेच १९३३ साल, शेजारचेच मिसिसिपी राज्य; फक्त निवेदिका कॅसी ही कृष्णवर्णीय मुलगी. स्काउट शाळेच्या पहिल्या दिवशी शिक्षिकेची बोलणी खाते, ती आधीच वाचता येते म्हणून. कॅसीच्या सहा वर्षांच्या भावालाही वाचता येते, आणि म्हणूनच हाती आलेल्या फाटक्या पुस्तकाच्या आतल्या पानावर छापलेली नोंद तो वाचू शकतो. पुस्तक गोऱ्या मुलांनी वापरून टाकण्याजोगे झाल्यावर आपल्या वाट्याला आले आहे, हे त्याला त्या नोंदीतून कळते. तो ते पायदळी तुडवतो आणि मार खातो. दोन्हीकडे मूल सहा वर्षांचे आहे; परंतु एकाला अजाण राहण्याची मुभा आहे, दुसऱ्याला नाही.

आता मॉकिंगबर्ड या प्रतीकाकडे वळू. कोणाचेही नुकसान न करता केवळ गाणाऱ्या पक्ष्याला मारणे हे पाप, असा त्याचा आशय आहे. संपादक अंडरवुड टॉमच्या हत्येची तुलना गाणाऱ्या पक्ष्यांच्या निरर्थक कत्तलीशी करतात. सहानुभूती खरी असली, तरी तिची अट निरुपद्रवीपणाची आहे. टॉम मात्र साक्षीच्या वेळी ही अट ओलांडतो. मेयेलाची कामे फुकट का करीत होतास, या प्रश्नावर तो तिची कीव येत होती असे सांगतो. कृष्णवर्णीयाने गोऱ्या स्त्रीची कीव करावी, हे न्यायालयाला सहन होत नाही. कादंबरीत टॉम पूर्ण माणूस म्हणून उभा राहतो तो या एका क्षणी, आणि नेमक्या याच क्षणाला पक्ष्याच्या प्रतीकात स्थान नाही.

शेवटी हेच प्रतीक बू रॅडलीला लागू होते. मुलांना वाचवताना बूच्या हातून बॉब यूएल मारला जातो. शेरीफ हेक टेट तो अपघात ठरवतात. बूला लोकांसमोर आणणे म्हणजे मॉकिंगबर्डला मारणेच, असे स्काउट म्हणते आणि ॲटिकस ते स्वीकारतो. मराठीतील दोन शब्दांचा भेद येथे पूर्णपणे उलगडतो. ज्याच्या हातून माणूस मारला गेला, तो गोरा निरागस म्हणून खटल्यावाचून घरी जातो. ज्याने काहीच केले नाही, तो कृष्णवर्णीय निरपराध असूनही दोषी ठरतो आणि सतरा गोळ्या लागून मरतो. बूची सुटका अन्याय्य नव्हे. तीच कृपा टॉमला अशक्य होती, हे महत्त्वाचे. कादंबरी हे दोन शेवट शेजारी ठेवते. त्यांची तुलना मात्र करीत नाही.

‘गो सेट अ वॉचमन’ हे आधी लिहिलेले हस्तलिखित २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले आणि त्यात वर्णविभाजनाचा पुरस्कार करणारा ॲटिकस पाहून वाचकांना धक्का बसला. शाळांतील वर्णविभाजनाविरुद्धचा निकाल (१९५४) आणि चौदा वर्षांच्या एमेट टिलची हत्या (१९५५) यांच्या नंतरच्या वर्षांत ली लिहीत होत्या. वर्तमानातल्या प्रौढ मुलीचा पित्याशी झालेला संघर्ष बाजूला ठेवून त्यांनी १९३० च्या दशकातील बालिका निवडली. या निवडीने कादंबरीला तिचा जिव्हाळा दिला आणि वाचकालाही निरागसतेच्या आश्रयाला राहण्याची सोय करून दिली. या कादंबरीचे जबाबदार वाचन स्काउटवर प्रेम करील. पण तिच्या अजाणपणाची किंमत कोणी मोजली, हा प्रश्न सोडून देणार नाही.