एका बोर्डाच्या सिरियल जोडणीतून दुसऱ्या मायक्रोकंट्रोलरचे प्रोग्रॅमिंग : एक चिकित्सा

प्रस्तावना :
इटलीतील इव्रेआ येथे २००५ साली सुरू झालेल्या आर्डुइनो प्रकल्पामुळे मायक्रोकंट्रोलर सामान्य महाविद्यालयाच्या आवाक्यात आला. नांदेड जिल्ह्यातील हिमायतनगरसारख्या तालुक्याच्या गावी स्वतंत्र यूएसबी-सिरियल कन्व्हर्टर हाताशी नसल्यास, प्रयोगशाळेतील आर्डुइनो ऊनो बोर्डाच्या सिरियल जोडणीतून ईएसपी-०१ हे वाय-फाय मॉड्यूल प्रोग्रॅम करता येते. ही पद्धत उपयुक्त आहे. परंतु तिची रूढ मांडणी चिकित्सेस पात्र आहे.

पद्धतीचे स्वरूप :
ईएसपी-०१ वर ईएसपी-८२६६ हा मायक्रोकंट्रोलर असतो, पण यूएसबीची सोय नसते. ऊनोवर मात्र दोन चिप असतात. एटीमेगा-३२८पी प्रोग्रॅम चालवितो, तर दुसरी चिप संगणकाच्या यूएसबीशी सिरियल संपर्क साधते. ऊनोची रीसेट पिन ग्राउंडला जोडली की एटीमेगा निष्क्रिय होतो आणि दुसऱ्या चिपच्या सिरियल वाहिन्या पिन ० व १ वर वापरता येतात. ईएसपीची जीपीआयओ-० पिन ग्राउंडला जोडून वीजपुरवठा सुरू केल्यास ते मॉड्यूल नवा प्रोग्रॅम स्वीकारण्यास सिद्ध होते.

चिकित्सा :
'ऊनोने ईएसपी प्रोग्रॅम करणे' हा शब्दप्रयोगच दिशाभूल करणारा आहे. येथे ऊनोचा मायक्रोकंट्रोलर काहीच करीत नाही. 'आर्डुइनो अ‍ॅज आयएसपी' या पद्धतीत मात्र तोच एसपीआय वाहिन्यांद्वारे दुसऱ्या चिपमध्ये प्रोग्रॅम लिहितो. या दोन भिन्न क्रिया एकाच नावाखाली आल्या की विद्यार्थ्यांचा गोंधळ अटळ ठरतो.

'टीएक्सला आरएक्स जोडावे' या पाठ केलेल्या नियमाचीही येथे कसोटी लागते. पिन ० वरील 'आरएक्स' हे नाव एटीमेगाच्या दृष्टीने दिलेले आहे. प्रत्यक्षात त्या पिनेवर यूएसबी चिपचा निर्गामी संदेश येतो. म्हणून येथे आरएक्सला आरएक्स आणि टीएक्सला टीएक्स जोडावे लागते.

तिसरा मुद्दा व्होल्टतेचा आहे. ऊनोचा संदेश ५ व्होल्टचा, तर ईएसपीचे कार्य ३.३ व्होल्टवर चालते. त्यासाठी १ व २ किलोओहमच्या रोधकांचा विभाजक सुचविला जातो. परंतु मूळ ऊनो आर-३ च्या मंडलात यूएसबी चिप व पिन ० यांच्यामध्ये १ किलोओहमचा रोधक आधीच असतो. त्यामुळे कागदावरील ३.३३ ऐवजी जेमतेम २.५ व्होल्ट मिळतात. पिन ० व ग्राउंड यांच्यामध्ये केवळ २ किलोओहमचा रोधक जोडल्यास अपेक्षित ३.३३ व्होल्ट मिळतात. तसेच वाय-फाय प्रक्षेपणाच्या वेळी ईएसपीला सुमारे १७० मिलिअँपिअर प्रवाह लागतो, ऊनोच्या ३.३ व्होल्ट पिनेची अधिकृत मर्यादा ५० मिलिअँपिअर आहे. म्हणून मॉड्यूलला स्वतंत्र वीजपुरवठा द्यावा आणि दोन्हींचे ग्राउंड एकत्र जोडावे.

निष्कर्ष :
ही पद्धत काटकसरीची असली तरी तिचे खरे मूल्य शैक्षणिक आहे. तयार जोडणीचित्राची नक्कल केल्याने प्रात्यक्षिक पूर्ण होते, ज्ञान मात्र अपूर्ण राहते. जोडणीपूर्वी विद्यार्थ्याकडून संदेशाचा संपूर्ण मार्ग काढून घेतल्यास आणि त्यालाही गुण दिल्यास, साधनांची उणीव हीच अध्ययनाची संधी ठरू शकेल.