‘योगी’ : शब्दाचा प्रत्यय आणि ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय

ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायावर जे विवेचन होते, त्यातील बरेचसे कुंडलिनीच्या वर्णनापाशी येऊन थांबते. ते वर्णन थांबण्याजोगे आहे, यात शंका नाही. गीतेच्या मूळ अध्यायात एकान्त, आसन, दृष्टीची स्थिरता एवढाच विधी आहे. कुंडलिनीचे नावही तेथे येत नाही. ज्ञानदेवांनी ते प्रकरण आपल्या नाथपरंपरेच्या ठेव्यातून आणले व श्लोकाच्या मर्यादेबाहेर विस्तारले. एवढ्यावरून, ज्याची कुंडलिनी जागृत झाली तोच त्यांच्या लेखी खरा योगी, असा निष्कर्ष काढण्यात येतो. हा निष्कर्ष प्रस्तुत लेखकास मान्य नाही.

प्रथम शब्दाचा विचार करू. धातुपाठात ‘युज्’ धातू समाधी व संयोग अशा निरनिराळ्या अर्थांनी आला आहे. योगसूत्रांवरील व्यासभाष्य योग म्हणजे समाधी असे सांगते, आणि वाचस्पतिमिश्र तेथे संयोगार्थक धातू स्पष्टपणे बाजूस सारतात. ‘योग म्हणजे जीवाशिवाचे मीलन’ ही आपल्याकडची प्रचलित व्याख्या त्यामुळे पातंजल मताची म्हणून देता येत नाही, हे विद्यार्थ्यांनी ध्यानी ठेवावे. परंतु धातूवर जेवढी चर्चा झाली आहे, तेवढी प्रत्ययावर झालेली नाही. ‘योगिन्’ हे रूप दोन मार्गांनी सिद्ध होते. ‘योग’ या नामास मत्वर्थीय ‘इनि’ लावला, तर ज्याच्यापाशी योग आहे तो योगी; धनी ज्या अर्थाने धनवान, त्याच अर्थाने. उलट पाणिनीने ३.२.१४२ या सूत्रात ‘युज्’ धातूस ‘घिनुण्’ प्रत्यय सांगितला आहे. त्यागी, रागी हे शब्दही त्याच सूत्रातले. हा प्रत्यय ताच्छील्याच्या अधिकारात येतो. म्हणजे ती क्रिया करणे हा ज्याचा स्वभाव, ज्याचा धर्म, किंवा जो ती उत्तम प्रकारे करतो, तो. पहिला योगी काहीतरी बाळगणारा आहे, दुसरा तसा वागणारा.

व्युत्पत्ती म्हणजे अर्थ नव्हे, हे भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने तरी विसरू नये. दोन्ही प्रत्ययांनी रूप एकच होते. तेव्हा निर्णय प्रयोगावरूनच केला पाहिजे. लोकभाषेने तो एका बाजूने केलेला दिसतो. ‘जोगी’ हा तद्भव शब्द वेष, झोळी आणि भिक्षा यांच्याशी बांधला गेला, म्हणजे बाळगण्याच्या वस्तूंशी.

ज्ञानदेवांचा कौल मात्र निराळा आहे. कुंडलिनीचे प्रकरण संपल्यावर ते अर्जुनाच्या तोंडी एक शंका घालतात. मूळ गीतेत या ठिकाणी ती नाही. हा मार्ग कोणासही साधेल, की त्यास काही योग्यता लागते, अशी ती शंका. श्रीकृष्णाच्या उत्तराचा आशय असा की, साधे काम तरी योग्यतेवाचून कोठे सिद्धीस जाते? पण योग्यता ही प्राप्तीवरून ओळखावयाची असते. तिची खाण कोठे निराळी नसते. जो विरक्त आहे आणि देहाच्या व्यवहारात नियमित आहे, तो अधिकारी ठरतोच. यानंतर लगेच आहार, निद्रा व कर्म यांच्या मिताचा श्लोक येतो. हा क्रम हेतुपूर्वक योजलेला दिसतो. सर्वांत अद्भुत वर्णनाच्या पाठोपाठ सर्वांत साधी अट यावी, यात ताच्छील्याचाच अर्थ व्यक्त होतो. ‘योग्यता’ हा शब्दही ‘युज्’चाच परिवार आहे, आणि आरंभी वापरलेले ‘जोगे’ हे त्याच ‘योग्य’चे मराठी रूप.

येथे कोणी विचारील, मग एवढे विस्तृत वर्णन कशासाठी? आक्षेप रास्त आहे. अनुभवाच्या प्रामाण्यामुळे, असे एक उत्तर देता येईल. ते मला अपुरे वाटते. अधिक समाधानकारक उत्तर बाराव्या अध्यायात आहे. अव्यक्ताच्या उपासकांविषयी बोलताना ज्ञानदेव तोच योगमार्ग पुन्हा वर्णितात, तेव्हा सारा भर त्याच्या कष्टांवर असतो, आणि भक्तीवाचून त्या वाटेने जाणाऱ्यांच्या वाट्यास श्रमच येतात असे ते सांगतात. सहाव्यातील वर्णन वाचून बारावा न वाचणे, ही आपल्या अभ्यासक्रमांनी नेमलेल्या सुट्या अध्यायांची देणगी होय! खुद्द सहाव्या अध्यायातही परम योगी म्हटला आहे तो इतरांचे सुखदुःख स्वतःच्या उपमेने जाणणारा. त्याच्या सिद्धींचा तेथे उल्लेख नाही. योगसूत्रेही सिद्धींना समाधीतील विघ्नेच मानतात.

या संदर्भात चांगदेवाच्या आख्यायिकेकडे पुन्हा पाहावे. चौदाशे वर्षांचे आयुष्य, वाघाचे वाहन, सर्पाचा चाबूक असे जे जे बाळगता येते ते सर्व त्याच्यापाशी आहे. पण पत्रावर मायना काय लिहावा हे त्याला कळत नाही, आणि तो कोराच कागद पाठवितो. समोरच्या लहानग्यास वडील म्हणावे की धाकटा, एवढ्या साध्या वागण्यापाशी त्याचा योग अडतो. ही कथा इतिहास म्हणून घेण्याचे कारण नाही. परंतु ‘चांगदेव पासष्टी’ हे प्रकरण आपल्यापुढे आहे, आणि त्याच्या ६५ ओव्यांत ज्ञानदेवांनी चांगदेवास आसन, प्राणायाम वा कुंडलिनी यांपैकी एकही क्रिया शिकविलेली नाही.