संबोधन आणि निर्देश : पीण्यातील ‘अण्णा’

शब्द मूळचा कोणत्या भाषेचा, हा प्रश्न तौलनिक अभ्यासात सहसा आधी विचारला जातो. बंगळूरच्या पीण्या औद्योगिक क्षेत्रात तो कोणी विचारीत नाही, आणि तेथील भाषाव्यवहाराचे मर्म या न विचारण्यातच आहे. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात तुमकूर रस्त्यालगत उभ्या राहिलेल्या या वसाहतीत लेथ-मिलिंगची छोटी वर्कशॉपे, फाउंड्री आणि तयार कपड्यांचे कारखाने दाटीने वसले आहेत. बेळगाव-निपाणीकडचा मराठी फिटर शेजारच्या यंत्रावरील तमिळ माणसाला ‘अण्णा’ म्हणतो, तेव्हा तो परकी भाषा बोलत नसतो. ऐकणाऱ्यालाही परकी भाषा ऐकल्यासारखे वाटत नाही. कानडीत शब्द तोच. तेलुगूत ‘ण’चा ‘न’ होतो, एवढेच. शिलाई विभागात ‘अक्का’ हेच काम करते.

‘अण्णा’, ‘अक्का’, ‘अप्पा’ हे शब्द द्राविड कुळातून मराठीत आले, हे सर्वमान्य आहे. तथापि मराठी घरात ते उसने म्हणून वावरत नाहीत. तुकाराम हे मूळ नाव मागे पडून रूढ झालेल्या ‘अण्णाभाऊ’ साठे या नावात तर दोन भाषाकुळांतील भाऊ एकत्र नांदतात, आणि ते कोणाला खटकत नाही. शब्दाचे परकेपण असे पूर्ण विसरले गेले की तो दोन्ही बाजूंना घरचा ठरतो. अनोळखी माणसांना आपलेपणा देणारे शब्द बहुधा या प्रकारचे असतात. केवळ आपल्याच गावी चालणारा, अस्सल म्हणून मिरवला जाणारा शब्द गाववाल्यांना जवळ आणतो. शेजाऱ्याला मात्र तो बाहेरच ठेवतो. ‘पगार’ हा शब्द कोल्हापूरकराला आणि हुबळीकराला एका बाजूस आणतो, पण मैसूरकडच्या माणसाचा ‘संबळ’ त्यामुळे वेगळा पडतोच.

या ठिकाणी जॉन गम्पर्झ व रॉबर्ट विल्सन यांचा सांगलीजवळील कुपवाडविषयीचा १९७१ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास आठवणे क्रमप्राप्त आहे. कुपवाडात मराठी, कानडी आणि उर्दू यांची वाक्यरचना दीर्घ सहवासाने इतकी जुळून आली, की एकीतील वाक्य पदापदाने दुसरीत उतरवावे. शब्द मात्र ज्याचे त्याने राखले. घराची ओळख शब्दांत होती. पीण्यात नेमके उलट घडते. माणसे येतात, काही वर्षे राहतात, जातात. व्याकरणे एकमेकांत मुरण्याइतका अवधी कोणाजवळ नसतो; म्हणून मोजके शब्दच सामाईक होतात आणि त्यांच्यावर सारा भार पडतो. (कुपवाड पुढे स्वतःच औद्योगिक वसाहतीचे ठिकाण झाले. तेथे आज काय घडते आहे, याचा नव्याने शोध कोणीतरी घ्यावयास हवा.)

बंगळूरच्या बहुभाषिकतेचे मराठी अभ्यासकांना परिचित असलेले जुने साक्ष्य म्हणजे जयराम पिंड्ये यांचे ‘राधामाधवविलासचंपू’. वि. का. राजवाडे यांनी ते १९२२ साली संपादून प्रसिद्ध केले. शहाजीराजांच्या दरबारी नाना भाषांतील कवने म्हटली जातात, आणि आपल्याकडे या ग्रंथाचा गौरव प्रामुख्याने या भाषासमृद्धीसाठी होत आला आहे. तो अनाठायी नाही. पण तेथे भाषा अनेक असल्या तरी कवनांचा रोख एकाच आश्रयदात्याकडे आहे. भाषांची संख्या हे त्याच्या वैभवाचे माप आहे. यंत्रांच्या गोंगाटात शेजाऱ्याचे लक्ष वेधण्यासाठी उच्चारलेला ‘अण्णा’ कोणाचेही वैभव सांगत नाही.

या शब्दांचा गौरव करतानाही सावध राहिले पाहिजे. मुंबईत ‘अण्णा’ हाच शब्द उडुपी हॉटेलवाल्याची, पर्यायाने दाक्षिणात्य माणसाची खूण झाला. ‘भय्या’चेही तेच झाले. दोन्ही शब्दांचा अर्थ भाऊच, तरी ते माणसाला परका ठरवू शकले. कारण तेथे शब्द संबोधन राहिला नाही, निर्देश झाला. ‘अण्णा, जरा पाना द्या’ आणि ‘तो एक अण्णा आहे’ या दोन वाक्यांत शब्द तोच आहे. पहिल्यात समोर माणूस आहे, दुसऱ्यात जमात. व्युत्पत्तीच्या अंगाने पाहणाऱ्या समीक्षेला हा भेद टिपता येत नाही. सीमाभागातील लेखनातले कानडी शब्द ‘प्रादेशिक रंग’ म्हणून नोंदवून ती थांबते. ते शब्द कोण कोणाला उद्देशून म्हणतो, हे पाहत नाही. १९५६च्या राज्यपुनर्रचनेपासून गावे कोणाची, या वादात शब्द कोणाचे, हेही पुरावे म्हणून मांडले गेले. त्या सवयीतून समीक्षाही सुटलेली नाही.

पीण्यातही ठेकेदार ‘अण्णा’च असतो, आणि नात्याच्या या शब्दाने हजेरीचा दर वाढत नाही. ओडिशा किंवा बिहारमधून आलेल्या तरुणाला तर तो शब्द शिकूनच घ्यावा लागतो. त्याच्या घरात तो नव्हता. तरीही कानडी वाक्य जुळवता येण्याच्या कितीतरी आधी तो ‘अण्णा’ म्हणू लागतो, आणि समोरचा मान वर करून पाहतो.