मुदत नसलेली कैद

तुरुंगांत जन्मलेलें वाङ्मय मराठी वाचकाला अपरिचित नाहीं. लोकमान्यांचें ‘गीतारहस्य’ मंडालेच्या तुरुंगांत लिहिलें गेलें, साने गुरुजींची ‘श्यामची आई’ १९३३ सालीं नाशिकच्या तुरुंगांत. अशीं पुस्तकें वाचतांना एक गोष्ट आपण नकळत गृहीत धरतों. लोकमान्यांवर १९०८ सालीं खटला झाला, न्यायाधीशानें सहा वर्षांची शिक्षा फर्माविली. शिक्षा अन्यायाची होती खरी. पण तिला आरंभ होता तसा शेवटहि होता. कैद्याला दिवस मोजतां येत होते. बेहरूज बूचानी या इराणी कुर्द पत्रकाराचा ‘नो फ्रेंड बट द माउंटन्स’ हा २०१८ सालीं प्रसिद्ध झालेला ग्रंथ हातीं घेतला म्हणजे हा आधार नाहींसा होतो. येथें मोजावयाला दिवसच नाहींत.

थोडी पार्श्वभूमि सांगणें अवश्य आहे. परवान्यावांचून आलेल्या परकीयाला स्थानबद्ध करणें ऑस्ट्रेलियाच्या कायद्यानें १९९२ सालीं सक्तीचें केलें. १९ जुलै २०१३ रोजीं तेव्हांचे पंतप्रधान केव्हिन रड यांनीं जाहीर केलें कीं, यापुढें होडीनें येणाऱ्या कोणाहि आश्रयार्थ्याला त्या देशांत वसूं दिलें जाणार नाहीं. बूचानींची होडी चारच दिवसांनीं पोंचली. त्यांची रवानगी पापुआ न्यू गिनीच्या मॅनस बेटावर झाली. आरोप नाहीं, खटला नाहीं, न्यायाधीश नाहीं. आणि शिक्षाच नाहीं तेव्हां तिची मुदत तरी कोणी सांगावी? ‘स्थानबद्ध’ हा शब्द आपल्या आजोबांनीं इंग्रजी अमदानींत ऐकला, आपण १९७५ च्या आणीबाणींत ऐकला. आसरा मागावयास आलेल्या परक्या माणसाला तो लागला म्हणजे काय होतें, तें या ग्रंथांत दिसतें. २०१६ सालीं पापुआ न्यू गिनीच्या सर्वोच्च न्यायालयानें ही स्थानबद्धता घटनाविरोधी ठरविली. २०१७ सालीं १,९०५ स्थानबद्धांच्या वतीनें चाललेला दावा ऑस्ट्रेलियाच्या सरकारनें व त्याच्या ठेकेदारांनीं सात कोटी डॉलर देऊन मिटविला.

ग्रंथ लिहिला गेला तो मोबाईल फोनवर, फारसी भाषेंत. लिहिलेलें जवळ ठेवावें तर झडतींत जाण्याची भीति. म्हणून लहान लहान संदेशांच्या रूपानें व्हॉट्सअ‍ॅपवरून मजकूर बाहेर जात राहिला. ओमिद तोफिघियन यांनीं त्याचें इंग्रजी केलें. गद्य चालतां चालतां मध्येंच तुटक काव्यपंक्तींत शिरतें, पुन्हां गद्यावर येतें. आरंभीं मला हा हव्यास वाटला. पन्नास-साठ पानांनंतर त्या श्वास तुटण्याची संवय होते आणि त्याचें कारणहि उमगूं लागतें.

पुस्तकाचा खरा गाभा मारहाणींत नाहीं. तो रांगांत आहे. जेवणासाठीं रांग, सिगारेटसाठीं रांग, फोनसाठीं रांग, शौचकूपासाठीं रांग. विजेचें यंत्र बंद पडतें, पंखे थांबतात, पाणी थांबतें. तें केव्हां व कां बंद पडतें याचा नियम शोधण्यांत कैदी डोकें झिजवितात, नि नियम सांपडत नाहीं. कांहीं जण एका मेजावर सोंगट्यांच्या खेळाचा पट आंखतात, बाटल्यांच्या झांकणांच्या सोंगट्या करतात. पहारेकरी येऊन पट खोडतात व खेळास मनाई असल्याचें त्यावरच लिहून ठेवतात. मेज तेथेंच राहतें. एका कैद्याचा बाप मरणाच्या दारीं असतो. पाळी मोडून दोन मिनिटें फोन करूं द्यावा एवढीच त्याची विनवणी. तीहि हुकुमाकडे बोट दाखवून नाकारली जाते. संताप करावा तर कोणावर? समोरचा मनुष्य केवळ हुकूम पाळीत असतो.

छावणींत प्रत्येकाला क्रमांक आहे. बूचानी आपल्या सोबत्यांना क्रमांकाऐवजीं टोपणनांवें देतात. त्यांतलीं बरींच पात्रें अनेक माणसें मिसळून घडविलेलीं आहेत. जेवणाच्या रांगेंत नेहमीं सर्वांच्या पुढें असणाऱ्या एकाचें नांव ‘गाय’. येथें मराठी भाषांतरकाराची मोठीच पंचाईत होईल. आपल्याकडे एखाद्याला गाय म्हटलें कीं तो गरीब, निरुपद्रवी असा अर्थ निघतो. मूळ नांवांत अधाशीपणाचा टोमणा आहे. तरीसुद्धां मी ‘गाय’च ठेवीन. भुकेनें ज्याला रांगेच्या अग्रभागीं ढकललें, त्याच्याविषयीं तिरस्कार आणि दया हीं दोन्ही लेखकाच्या मनांत आहेत, आणि मराठी शब्दानें दुसरी बाजू आपोआप उजेडांत येते.

दोषहि सांगितले पाहिजेत. छळाच्या या साऱ्या व्यवस्थेला एक ग्रीक घडणीची परिभाषा लावून ती पुनः पुनः उच्चारली आहे; मेजावरचा खोडलेला पट जें एका क्षणांत सांगून जातो, तें ही परिभाषा दहा वेळां सांगूनहि सांगत नाहीं. शिवाय निवेदक स्वतःला इतरांपासून किंचित् उंचावर ठेवतो. रांगेंतल्या गर्दीकडे तो बहुधा दुरूनच पाहतो; त्या गर्दींतली त्याची स्वतःची भूक क्वचितच दिसते.

जानेवारी २०१९ मध्यें या ग्रंथाला व्हिक्टोरिया राज्याचें एक लक्ष डॉलरांचें वाङ्मयीन पारितोषिक मिळालें. तें देशांतील रहिवाशांसाठींच असल्यामुळें नियमाला अपवाद करावा लागला. एका घटक राज्यानें गौरव केला त्या वेळीं मध्यवर्ती सरकार लेखकाला किनाऱ्यावर पाऊल ठेवूं देत नव्हतें. तेव्हां त्यांनीं आभाराचें भाषण पापुआ न्यू गिनींतूनच चित्रफितीद्वारें केलें. ऑस्ट्रेलियांतल्या सुशिक्षित घरांत ग्रंथ हातोहात वाचला गेला. वाचणाऱ्यांनीं हळहळ केली, हें खरें. परंतु हळहळीनें धोरण बदललें नाहीं. नोव्हेंबर २०१९ मध्यें बूचानी एका साहित्यसंमेलनाच्या निमित्तानें न्यूझीलंडला गेले, आणि २०२० च्या जुलैंत त्याच देशानें त्यांना आश्रय दिला.

ग्रंथ मात्र फेब्रुवारी २०१४ च्या दंगलीपाशीं थांबतो. त्या दंगलींत रेझा बराती हा तरुण मारला गेला. पुस्तकांत तो ‘सौम्य महाकाय’ या नांवानें वावरतो. त्यानंतर बूचानी त्या देशांत आणखी पावणेसहा वर्षें होते. त्या वर्षांवर पुस्तकांत एकहि प्रकरण नाहीं.