तल्लीनता, वेचणी आणि जात्यावरची ओवी

मिहाय चिक्सेंटमिहाय यांचे 'फ्लो' हे पुस्तक १९९० साली प्रसिद्ध झाले. लेखक २०२१ मध्ये वारले, पण त्यांची एक आकृती शिक्षकांसमोरच्या व्याख्यानांतून अजून फिरते आहे. आडव्या अक्षावर कौशल्य, उभ्या अक्षावर आव्हान. आव्हान कौशल्याच्या फार पुढे गेले की चिंता, मागे पडले की कंटाळा. दोहोंच्या मधल्या पट्ट्यात ती अवस्था, जिला लेखक 'प्रवाह' म्हणतात. वेळेचे भान सुटते, 'मी कसा दिसतो' हा विचार मावळतो आणि काम करण्यातच कामाचे फळ मिळते. आपण तिला तल्लीनता म्हणू. तंद्री म्हणणे बरोबर नाही. तंद्रीत माणूस हाक मारली तरी दचकतो, कारण त्याचे मन भलतीकडे असते. तल्लीन माणसाचे मन कामातच असते.

पुस्तकाचे खरे बळ आकृतीत नसून त्यामागच्या पद्धतीत आहे. 'गेल्या वर्षी तुम्ही सुखी होता का?' असे विचारले तर माणूस आठवणीतून, आणि बरेचसे लोकलाजेतून, उत्तर देतो. म्हणून या संशोधकांनी लोकांजवळ पेजर दिले. आठवडाभर, दिवसातून सुमारे आठ वेळा, अवचित तो वाजायचा आणि त्या क्षणी काय करत आहात, कसे वाटते आहे, हे वहीत नोंदवायचे. विज्ञानशिक्षकाने ही युक्ती जरूर ध्यानात ठेवावी.

या नोंदींतून एक चमत्कारिक गोष्ट निघाली. तल्लीनतेचे क्षण फुरसतीपेक्षा कामावर जास्त सापडले, आणि तरीही कामावर असताना लोकांना दुसरीकडेच असावेसे वाटत होते! लेखकाचे स्पष्टीकरण असे की, काम म्हणजे लादलेले ओझे ही समजूत समाजाने मनात इतकी रुजवली आहे की लोक स्वतःच्या अनुभवाकडेही लक्ष देत नाहीत. येथे आमचे लेखकाशी पटत नाही.

आमच्या महागाव तालुक्यात कापसाची वेचणी पाहा. बाया पऱ्हाटीच्या ओळींतून सरकतात, बोंडातला कापूस दोन्ही हातांनी ओढून कमरेला बांधलेल्या फडक्यात टाकतात. लेखकाने घातलेल्या अटी येथे बहुतेक पुऱ्या होतात. उद्दिष्ट स्पष्ट आहे. काम कसे चालले हे फडक्याच्या वजनावरून क्षणोक्षणी कळते, संध्याकाळी काट्यावर पक्के कळते. पाचोळा न येऊ देता भराभर वेचणे हे कौशल्यच आहे. मग ही तल्लीनता का? कधीमधी असेलही. पण मजुरी किलोमागे आहे, ऊन आहे, कंबर धरते, आणि ओळ मध्येच सोडून उठण्याची मोकळीक नाही. हिला दुसरीकडे असावेसे वाटले तर तो समजुतीचा दोष कसा म्हणावा? लेखक आल्प्समधील गुरे राखणारी ७६ वर्षांची बाई आणि शिकागोतील एक वेल्डर यांची उदाहरणे प्रेमाने रंगवतात. ती सुंदर आहेत. पण ती माणसे निवडून घेतलेली आहेत. शेजारच्या दहा वेल्डरांना तसे का वाटत नाही, याचे उत्तर लेखक बहुतांशी स्वभावात शोधतात, आणि मजुरी, थकवा व निवडीची मोकळीक मागे पडतात.

दुसरे उदाहरण आपल्या घरचेच. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी महाराष्ट्रातील खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. दळणाऱ्या बाईचा हात खुंट्यावर आपोआप फिरे. मन मात्र माहेरी, भावाकडे, सासरच्या जाचाकडे, विठ्ठलाकडे जाई. हात सरावलेला म्हणून 'मी' विरघळला, असे झाले नाही. उलट मोकळ्या झालेल्या मनात तो 'मी' बोलू लागला.

ही ओवी मेंदूविषयीच्या एका लाडक्या कल्पनेला अडचणीत टाकते. आर्ने डिट्रिक यांनी २००० नंतरच्या दशकात मांडले की, तल्लीनतेत मेंदूचा पुढचा, स्वतःवर नजर ठेवणारा भाग तात्पुरता मंदावतो आणि सरावलेली कृती बिनअडथळा चालते. कल्पना आकर्षक आहे. पुढे व्याख्यानांतून तिचे 'पुढचा मेंदू बंद' असे झाले. प्रयोग इतके सरळ बोलत नाहीत. २००८ मध्ये लिंब आणि ब्रॉन यांनी सहा जाझ पियानोवादकांचे मेंदू उत्स्फूर्त वादन चालू असताना तपासले. पुढच्या भागाची बाहेरची बाजू मंदावली होती, मधली मात्र जागी झाली होती. २०१४ मध्ये जर्मनीत उलरिक आणि सहकाऱ्यांनी २७ तरुणांना तोंडी हिशेब घातले. तल्लीनतेत नेमकी मधलीच बाजू मंदावलेली आढळली, आणि पुढच्याच भागातील दुसरा एक प्रदेश अधिक काम करत होता. वादन आणि बेरजा एक नव्हेत, हे खरे. पण म्हणूनच तल्लीनतेचे एकच बटण मेंदूत शोधू नये.

या दुसऱ्या प्रयोगातील एक तपशील शिक्षकाला अधिक मोलाचा वाटावा. कोणाला किती अवघड हिशेब द्यायचा हे यंत्र प्रत्येकाच्या उत्तरांवरून सतत बदलत होते. चाळीस मुलांच्या वर्गात, त्यातही एकाच खोलीत दोन इयत्ता असतील तर, एकटा शिक्षक हे करू शकत नाही. एकच उदाहरण फळ्यावर लिहिले की काही मुले चिंतेत आणि काही कंटाळ्यात जाणारच. आणखी एक सावधगिरी हवी: तल्लीन असणे म्हणजे शिकणे नव्हे. बर्लिनच्या व्हायोलिनवादकांवरील १९९३ च्या अभ्यासात अँडर्स एरिक्सन यांना दिसले की, ज्या सरावाने कौशल्य वाढते तो वादकांना फारसा आनंददायक वाटत नाही. चुकलेली जागा पुन्हा पुन्हा घोटताना स्वतःवर नजर ठेवावीच लागते.

तेव्हा आकृती वर्गात न्यायची असेल तर मुलाच्या हाती द्यावी. एकाच घटकाची चढत्या अवघडपणाची दहा उदाहरणे फळ्यावर लिहावीत, कोठून सुरुवात करायची ते मुलाने ठरवावे, सोपे वाटले तर पुढे उडी मारावी, अडले तर मागे यावे. मधूनच, पेजर वाजावा तशी, एक टाळी वाजवून प्रत्येकाने वहीच्या कडेला एक शब्द लिहावा: सोपे, अवघड की जमतेय. महिनाभराच्या अशा वह्या कोणी आमच्याकडे धाडल्या तर त्या आम्ही आनंदाने पाहू.